दोन सूत जाड

देवगाव फाट्यावरच्या एस.टी.च्या केबिनमध्ये बसून मी सात वर्षं गाड्यांच्या वेळा लिहिल्या. किती वाजता आली, किती वाजता गेली, उशीर झाला असेल तर कारण. कारणाचा रकाना बोटभर रुंद, त्यामुळे खरं कारण त्यात सहसा मावायचं नाही. 'टायर' लिहायचो, ड्रायव्हरची सासुरवाडी वाटेत लागते, हे लिहायचो नाही. विद्यापीठाच्या नावावरून गाड्यांवर दगड पडायचे त्या दिवसांत 'बंद' एवढंच लिहायचो. कुणी बंद केलं आणि कुणाचं काय बंद पडलं, ते रकान्याबाहेर.

केबिनसमोर, रस्त्यापलीकडे, मुंजाजी मिस्त्रीचं पत्र्याचं शेड होतं. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात मला बघायला तेच. मुंजाजी म्हणजे इंजिनाचा आवाज ऐकून आजार सांगणारा माणूस, आणि सांगून झाल्यावर त्याच आजारानं मेलेल्या चार इंजिनांची आठवण काढणारा. पण कधीकाळी एका ट्रकचा जॅक सटकला होता, तेव्हापासून त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली बधिर. पायावर विंचू चढला तरी दुसऱ्यानं सांगावं लागे. ब्रेक तर पायालाच कळतो. म्हणून शेडचा नेम होता: ब्रेकचं काम झालेली गाडी वैजीनाथनं पाय लावून बघितल्याशिवाय फाटा सोडणार नाही.

वैजीनाथ त्याचा लेथवाला. वय चोवीस, अंगानं काडी, बोलणं मोजकं. तो सीटवर बसायचा, पायडल एकदाच दाबायचा आणि शंभर आकडे होईस्तोवर धरून ठेवायचा. पायडल जागचं हललं नाही तर म्हणायचा, "जाऊ द्या." केसभर जरी खाली सरकलं तर, "उतरा." मिशांना पीळ भरणारे ट्रकवाले त्या 'उतरा'पुढं गपगुमान उतरायचे.

आबासाहेब म्हणजे या भागातले मोठे जमीनदार, तो त्यांच्याच गावचा. फाट्यापासून दोन कोसांवर त्यांचं गाव. अठ्ठ्याहत्तर साली तिथली बौद्धवाड्यातली अकरा घरं जळाली, त्यात एक वैजीनाथच्या बापाचं. कुणी जाळली हे सगळ्या गावाला माहीत होतं, फक्त तपासाला आलेल्यांना कुणी सांगितलं नाही. बाप पोरांना घेऊन फाट्यावर आला तो परत गेला नाही. आबासाहेबांचा त्यात हात नव्हता, ते त्या दिवशी परभणीला होते. त्या दिवशी परभणीला असलेली बरीच माणसं मला माहीत आहेत. सगळी खरंच तिथं असती तर परभणीत उभं राहायला जागा उरली नसती.

आबासाहेबांची गाडी विलायती होती, तीस वर्षं जुनी, हैदराबादेत कुण्या नवाबाच्या वारसाकडून घेतलेली. वर्षातून आठ-दहा दिवस बाहेर निघायची. लग्नं, मतदान, आणि वैशाखात नरसिंह जयंतीला पोखर्णी. पोखर्णीचा नरसिंह त्यांचं कुलदैवत. देवघरातले चांदीचे टाक तबकात घालून पुढच्या सीटवर ठेवायचे, मागं आबासाहेब आणि त्यांची आई धुरपताबाई, चालवायला किशनराव. किशनराव त्यांचा जुना ड्रायव्हर आणि भावकीतला. त्या दिवशी त्यालाही पहाटे आंघोळ, कोरं धोतर आणि उपास.

नव्वद सालच्या वैशाखात जयंतीला आठ दिवस उरले असताना ती गाडी शेडमध्ये आली. पुढच्या दोन्ही चाकांच्या ब्रेकच्या डिस्क झिजून ताटलीसारख्या झाल्या होत्या, एकीला केसासारखी चीर. तसल्या डिस्क आता कुठं मिळत नव्हत्या. आबासाहेबांनी हैदराबादच्या भंगारातून दुसऱ्या आणल्या होत्या. घेर तोच, भोकं थोडी सरकवली की बसण्यासारख्या. एकच अडचण होती. त्या दोन सूत जाड होत्या, म्हणजे पाव इंच.

"दोन सुतानं काय होतंय? ठोका आन् बसवा," आबासाहेब म्हणाले.

मुंजाजीनं कॅलिपर हातात घेऊन दाखवला. डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटा घेणारा तो लोखंडी जबडा. "मालक, ह्याच्या तोंडात एवढाच घास मावतो. दोन सूत जास्तीचा घातला तर तोंड मिटंल कसं?"

"मग तोंड मोठं करा."

"तेच करायलोय म्हना की."

करायचं होतं ते वैजीनाथला. कॅलिपर दोन पाळ्यांचा, म्हणजे दोन अर्ध्या भागांचा, बोल्टांनी जोडलेला. त्या खोलायच्या, मध्ये दोन सूत जाडीची पोलादी पट्टी घालायची, लांब बोल्ट घालून पुन्हा आवळायचा. घास मावला. पण एका पाळीतून दुसरीत ब्रेकचं तेल जातं, त्यासाठी सांध्यात बारीक भोक असतं आणि भोकाभोवती रबराची रिंग. पट्टी घातली की एका सांध्याचे दोन झाले. म्हणजे दोन चाकांना दोन रिंगा लागायच्या, तिथं चार.

पट्ट्या त्यानं तीन दिवस घासल्या. आरशासारख्या झाल्यावर मला दाखवायला केबिनपर्यंत घेऊन आला. त्या पट्टीत मला माझाच चेहरा दिसला, थोडा लांबट. "ह्याच्यातून हवा सुदिक जायची न्हाई, कंट्रोलर साहेब," तो म्हणाला. एवढं लांब वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. स्वतःच्या कामावर खूश असलेला माणूस दिसायला जरा धोकादायक असतो, असं मला उगाच वाटून गेलं.

रिंगांसाठी तो परभणीला जाऊन आला. संध्याकाळच्या गाडीनं उतरला तेव्हा मुंजाजी आणि मी शेडशेजारच्या टपरीवर चहा घेत होतो. तिथल्या टेबलावर त्यानं कागदाची पुडी उलटी केली. जुन्या दोन होत्याच. पुडीतून एक पडली.

"चौथी?" मुंजाजीनं विचारलं.

"औरंगाबादहून मागवतो म्हनले. चार दिवस लागतील."

"जयंती परवाच्या दिवशी हाय."

वैजीनाथ उठला, शेडमध्ये गेला आणि पाण्याच्या पंपाच्या रिंगांचा पत्र्याचा डबा काढून बसला. आमच्याकडं डिझेलपंप गावोगाव, त्या रिंगा पोत्यानं मिळतात. त्यातली एक त्याला मापाची सापडली. बोटांवर ताणून बघितली.

"पंपाची हाय ती," मुंजाजी म्हणाला. "डिझेलला चालती. ब्रेक ऑइलमदी फुगती, लोण्यावानी हुती."

"लगीच न्हाई होत. पाय लावून बघतो की. खाली सरकलं तर गाडी सोडायची न्हाई, मग कुनी का म्हनंना."

मुंजाजीनं डब्याचं झाकण लावलं. नेम होताच.

त्या रात्री कॅलिपर चढले, तेल भरलं. हवा काढायला पायडल मुंजाजीनंच आत वाकून दोन्ही हातांनी दाबलं, वैजीनाथ खाली पडून नळीतून बुडबुडे जाताना बघत होता. पाय लावायचं काम सकाळवर ठेवलं, तेल रात्रभर मुरू द्यावं म्हणून.

सकाळी किशनराव आधी आला. हातात गोमूत्राची बाटली, काखेत पांढरी चादर. सीट पुसली, शिंपडली, चादर टाचण्यांनी पक्की केली, दारं लावली आणि किल्ली खिशात टाकली.

"किशनराव, पायडल बघायचं राह्यलंय," वैजीनाथ म्हणाला.

"उद्या मी बघंन की."

"तसं न्हाई. मला बसून बघावं लागंल."

किशनराव हसला. वाईट हसला नाही, मोठ्यानं नाही. आपण लहान मुलाच्या बोलण्याला हसतो तसा. "आता देवाची झाली गाडी, बाबा. आता कामून बसायचं बोलायलास?"

दिवसभर गाडी उन्हात पांढरी चादर घेऊन बंद उभी राहिली. वैजीनाथनं त्या दिवशी एका ट्रॅक्टरचा एक्सल चुकीचा कापला. तसं त्याचं कधी होत नसे.

जयंतीच्या सकाळी साडेसातला आबासाहेबांची मंडळी ट्रॅक्टरवरून फाट्यावर उतरली, कारण गावच्या ओढ्यातला रस्ता विलायती गाडीला सोसत नसे. धुरपताबाईंच्या हातात तबक, वर रेशमी फडकं. टाक पुढच्या सीटवर बसले. फाट्यावरच्या सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले.

वैजीनाथ तोवर पुढच्या डाव्या चाकामागं डोकं घालून पडला होता. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात चिंधी होती. ती त्यानं नाकाजवळ नेली. मग पुन्हा खाली गेला, पुसलं, थांबला, पुन्हा पुसलं. सांध्याला घामासारखी ओल येत होती. हवा काढताना सांडलेलं तेल असेल, नाहीतर रिंग. एकदा दाबून धरलं की कळणार होतं.

"किशनराव, पायडल दाबा. एकदाच. आन् धरून ठेवा, मी म्हनंस्तोवर."

किशनराव सीटवर बसला आणि त्यानं दाबलं. एकदा, दोनदा, तीनदा, धाडधाडधाड. उभा जन्म जीपा आणि मेटाडोर चालवलेल्या माणसाचा पाय तो. त्या गाड्यांना दोन-तीनदा मारल्याशिवाय ब्रेक लागत नाही, आणि तसं मारलं की गळका ब्रेकही घटकाभर घट्ट लागतो. "दगड हाय दगड!" तो आतून म्हणाला आणि खाली उतरला.

"मारू नका. एकदाच दाबून धरा."

"आता तू मला ब्रेक शिकवतो का रं? तीस वर्षं चालवायलोय, तुझ्या बापाला पन मीच जिंतूरच्या दवाखान्यात न्हेला व्हता."

नेला होता, हे खरं. अठ्ठ्याहत्तरला, भाजलेल्या अवस्थेत, याच किशनरावनं जीपमागच्या फळीवर घालून. वैजीनाथची मान जरा खाली गेली. मग तो आबासाहेबांकडं वळला. "मालक, मला बसू द्या. दोन मिनटं. नुसतं दाबून बघतो आन् उतरतो."

जातीचं नाव कुणी काढलं नाही. काढायची गरजच पडली नाही.

"आरं बाबा, टाक बसलेत," धुरपताबाई मागून म्हणाल्या. आवाज अगदी मऊ. "सोवळ्यात हाय सगळं. तू काय वंगाळ हायस असं न्हाई. पन आज न्हाई."

आबासाहेबांनी तोड काढली. "मिस्त्री, तुमी बसा की मग."

मुंजाजीनं आपल्या पायाकडं बोट केलं. "मालक, ह्या पायाला पायडल काय आन् दगड काय."

लोक हसले. मुंजाजीनं सकाळपासून आंघोळ केली आहे का, असं त्याला कुणी विचारलं नाही. त्याच्या हातावर कालचं ग्रीस होतं. हे मी बघितलं, वैजीनाथनंही बघितलं. मला वाटतं, काय व्हायचं ते त्याच क्षणाला होऊन गेलं.

कारण त्याला दुसरं एक वाक्य बोलता येत होतं. चौथी रिंग पंपाची आहे, गाडी नेऊ नका. आबासाहेब कितीही आबासाहेब असले तरी हे ऐकल्यावर आईला घेऊन त्या गाडीत बसले नसते. पण ते वाक्य बोलणं म्हणजे गावची सगळी मंडळी, टाक आणि हसणारे लोक यांच्यासमोर आपल्या कामाला खोट आहे म्हणून कबूल करणं. आरशासारख्या पट्ट्यांवर थुंकणं. त्याला ब्रेक बघायचा होता, आणि त्याला त्या सीटवर बसायचं होतं. दोन्ही इतकं एकात एक गुंतलं होतं की त्याला स्वतःलाही सोडवता आलं नसावं. मी मुंजाजीकडं बघितलं. रिंगेचं त्यालाही ठाऊक होतं. तो जमिनीवर पडलेला एक नट शोधत होता. आणि मी? त्या संध्याकाळी चहाच्या टेबलाशी बसून मीही ऐकलं होतंच. मला सव्वाआठच्या गाडीची वेळ लिहायची होती.

"हळू न्या," वैजीनाथ म्हणाला. "चाळीसच्या वर नगा."

"देव हाय बसलेला," किशनराव म्हणाला. "वढून नेणार हाय का मी त्याला?"

नारळ फुटला. गाडी जिंतूरच्या रस्त्यानं गेली. वैजीनाथ ती दिसेनाशी होईपर्यंत उभा होता. मग शेडमध्ये गेला आणि लेथ चालू केला. लेथवर काहीच लावलेलं नव्हतं.

नऊ वाजायच्या आत निरोप आला. पाच-सहा मैलांवर उताराला ओढ्याचा पूल आहे. पुलावर उसाची रिकामी बैलगाडी होती. किशनरावनं लांबूनच ब्रेक मारला असणार. एकदा, दोनदा, तीनदा. हातब्रेक त्या गाडीला नावाला. त्यानं गाडीवानाला वाचवलं आणि गाडी कठड्यावर घातली. किशनराव जागीच गेला. धुरपताबाईंचा खुबा मोडला, आबासाहेबांच्या कपाळाला सात टाके. टाक ओढ्याच्या गाळात पडले होते. पाच होते, चार सापडले.

तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टरनं ओढून गाडी शेडसमोर आणली. परभणीहून मोटार तपासणारे साहेब आले, बरोबर एक हवालदार. पंच म्हणून मला बोलावलं, सरकारी माणूस आणि अक्षर बरं म्हणून. आबासाहेब कपाळाला पट्टी बांधून आले होते. किशनरावची बायको कडूबाई आली होती, तिला कुणी बोलावलं नव्हतं. शेडच्या खांबाला टेकून ती उभी राहिली.

साहेब विदर्भाकडचे, तरुण, घाईतले. त्यांनी तेलाच्या डब्यात बोट घातलं, कोरडं. "तेल भरा," ते म्हणाले. मुंजाजीनं भरलं, हातानं दाबून हवा काढली. "आता ब्रेक बघणारा कोण आहे तुमच्यात?"

मुंजाजीनं वैजीनाथकडं बघितलं.

"बस मग. बघतोस काय?"

वैजीनाथ दाराजवळ गेला. पांढरी चादर अजून टाचलेली होती. मधोमध तपकिरी डाग वाळून कडक झाला होता. दुसऱ्या सीटवर कुंकू सांडलं होतं. तो थांबला. सगळे आबासाहेबांकडं बघायला लागले, मीही, हवालदारसुद्धा. आबासाहेब रस्त्यापलीकडं माझ्या केबिनच्या पाटीकडं बघत होते, जणू जिंतूरची गाडी किती वाजता आहे ते वाचत होते.

"बस की," ते म्हणाले.

तो बसला. डाग चुकवून बसता येत नव्हतं. उजवा पाय पायडलवर ठेवला, एकदाच दाबला आणि धरला. त्याचे ओठ हलत होते. मीही मनात मोजायला लागलो. वीसपर्यंत पाय जागेवर होता. मग तो खाली जायला लागला, इतका हळू, की जणू एखादा माणूस बोलता बोलता झोपत चाललाय. पन्नासला गुडघा सरळ झाला. एकसष्टला पायडल तळाला टेकलं.

त्यानं पाय उचलला नाही.

"असंच कळलं असतं," तो म्हणाला. कुणाला म्हणाला ते समजलं नाही. मग साहेबांकडं तोंड केलं. "डाव्या चाकाची आतली रिंग पंपाची हाय. मी टाकली."

साहेबांनी कॅलिपर खोलायला लावला. रिंग निघाली ती फुगून दुप्पट झालेली, बोटाला काळी लागत होती. पट्टी तशीच लख्ख होती.

कडूबाई खांबापासून पुढं आली. "तुला ठावं व्हतं?"

"शंका व्हती, मावशी."

"मंग बोलला कामून न्हाईस?"

"बोललो. बसू द्या म्हनलो."

"रिंगचं बोललास का?"

त्याची नजर खोललेल्या कॅलिपरकडं गेली. ती बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं आबासाहेबांकडं बघितलं, तेवढाच वेळ. "तुमाला बसू द्या म्हनला व्हता हा?"

"त्या दिवशी सोवळं होतं, वहिनी," आबासाहेब म्हणाले. बायका-पोरांत हुकूम सोडणारा आवाज पार बसला होता. "आईची इच्छा."

"बरं," कडूबाई म्हणाली. तिनं गाडीत हात घातला आणि चादरीच्या टाचण्या एकेक काढायला लागली. हवालदार 'अहो, पुरावा आहे' म्हणाला. तिनं ऐकलं नाही. चादर घडी घालून पदराखाली घेतली आणि गावच्या वाटेला लागली. तिला कुणी अडवलं नाही.

पंचनामा मीच लिहिला, साहेब सांगत गेले. कॅलिपरमध्ये बाहेरची पट्टी बसवलेली. एक रिंग अयोग्य प्रकारची. सदर रिंग लेथ कारागिरानं बसवल्याचं स्वतः कबूल. मी लिहिता लिहिता थांबलो. "साहेब, ह्यानं त्या दिवशी ब्रेक बघू द्या म्हणून..."

"बघितला का?"

"नाही. बघू दिला नाही."

"मग जे झालं नाही ते पंचनाम्यात कसं येईल?" ते म्हणाले. चिडले नव्हते, त्यांना खरंच प्रश्न पडला होता. "जे आहे ते लिहा."

मी जे होतं ते लिहिलं. आबासाहेबांनी दुसरा पंच म्हणून सही केली, मुंजाजीनं शेडचा मालक म्हणून. मुंजाजीची पहिली सही बिघडली, नाव त्याला पुन्हा लिहावं लागलं. वैजीनाथला जीपमध्ये मागच्या फळीवर बसवलं. जाताना त्यानं लेथ बंद केला का म्हणून मुंजाजीला विचारलं. मुंजाजीनं मान हलवली.

मी केबिनमध्ये आलो. जिंतूरची गाडी येऊन उभी होती, ड्रायव्हर हॉर्न देत होता. बारा मिनिटं उशीर. मी रजिस्टर उघडलं आणि कारणाच्या रकान्यात 'गर्दी' असं लिहिलं.